तीस युनिटांची गरिबी

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



महावितरणच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकांचा भाग सुरू होतो तो दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांपासून. त्यांचा वीज आकार इतर घरांच्या निम्म्याहूनही कमी. वाचणाऱ्याला वाटावं, चला, गरिबाची सोय झाली. मग खालची बारीक अक्षरं वाचावीत. ही सवलत ज्याच्या घराचा मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आहे आणि ज्यानं मागच्या आर्थिक वर्षात ३६० युनिटांपर्यंतच वीज वापरली आहे, त्यालाच. म्हणजे महिन्याला तीस युनिट, दिवसाला एक. त्यापुढची अट तर वीज नियामक आयोगाच्या आदेशांत वर्षानुवर्षं छापली गेली आहे: एखाद्या वर्षी ३६०ची रेघ ओलांडली की ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जाणार, आणि पुढे त्याचा वापर कितीही घटला तरी या वर्गात त्याला परत येता येणार नाही.

जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा चौदा वर्षांनंतर शिक्षेत सूट मागता येते. एका उन्हाळ्यात जास्त पंखा चालवणाऱ्या माणसाला ती मुभा नाही.

मी चंद्रपुरात राहतो. नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, म्हणून आजूबाजूची मंडळी लाइट बिल घेऊन येतात आणि 'एवढं कसं आलं ते पाहून सांगा' म्हणतात. बिलावरचे रकाने बघता बघता मलाच जे प्रश्न पडले, ते आपल्यापर्यंत पोचावेत म्हणून हे पत्र. आपण विदर्भातले आहात आणि ऊर्जा खातं मुख्यमंत्र्यांच्याच हाती आहे, त्यामुळे 'फाइल वर पाठवली आहे' असं उत्तर तरी येणार नाही.

आधी त्या एका युनिटात काय बसतं ते पाहू. एक खोली धरा. छताला पंखा, जुन्या पद्धतीचा, ७५ वॅटचा. तो दिवसाचे दहा तास चालला तर पाऊण युनिट. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास. पन्नास वॅटचा टीव्ही तीन तास. दोन मोबाइल चार्जिंगला. बेरीज करा, एक युनिट भरतं. फ्रिज नाही, इस्त्री नाही, पाण्याची मोटर नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि मर्यादा ३६०. थंडीचे दोन महिने पंखा बंद राहतो, त्यातून ४५ युनिट वाचतात, हे मी धरतो. पण मग कुलरही धरावा लागेल. १८० वॅटचा कुलर रात्री आठ तास चालवला आणि त्या वेळात पंखा बंद ठेवला, तरी दिवसाला पाऊण युनिटाहून जास्त वाढतं. अडीच महिन्यांत साठ युनिट. झालं, हे घर गरीब राहिलं नाही. कायमचं.

मंजूर भाराची गंमत तर आणखी. पाव किलोवॅट म्हणजे अडीचशे वॅट. साधा मिक्सर पाचशे वॅटचा असतो. लग्नात भावानं बहिणीला मिक्सर दिला आणि तिनं त्यात चटणी वाटली, की मंजूर भार दुपटीनं ओलांडला. पाट्यावर वाटायचं हीच जणू सवलतीची अट.

कुलर म्हणजे चैन, असं मुंबईत बसून कोणी म्हणेल. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं पाहिला आहे तो म्हणणार नाही. इथे पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा टिनाच्या छताखालची खोली रात्री बारालाही तापलेली असते. पूर्वी लोक अंगणात बाजा टाकून झोपायचे. ऊर्जानगर, दुर्गापूर भागात वस्तीत शिरून बिबट्यांनी हल्ले केले, माणसं गेली. तेव्हापासून तिथे उघड्यावर झोपायची छाती कोणाची होत नाही. दार लावून, टिनाखाली, लहान लेकरं घेऊन झोपायचं आणि कुलर लावायचा नाही, हे शक्य नाही. आणि ज्या ऊर्जानगरचं नाव मी घेतलं ते वसलं आहे महानिर्मितीच्या वीज केंद्रासाठी. २,९२० मेगावॅट क्षमता, महानिर्मितीचं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र. कोळशाची धूळ आणि राख इथल्या घरांवर बसते, वीज तारांवरून राज्यभर जाते. राखेच्या बदल्यात आम्हाला वीज फुकट द्या, असा माझा मुद्दा नाही, कारण तो हिशेब कधी संपायचा नाही. पण उष्णतेचा विचार न करता चंद्रपूरला आणि महाबळेश्वरला एकच ३६० लावणं हे कोणत्या तर्कात बसतं?

आता ज्याच्यावर 'सर्वसाधारण'चा शिक्का बसला त्याचं बिल पाहा. २०२४-२५चं दरपत्रक घेतो. शंभर युनिटांपर्यंत वीज आकार आणि वहन आकार मिळून युनिटामागे पावणेसहा रुपयांच्या पुढे. स्थिर आकार महिन्याला सव्वाशेच्या वर. दिवा लावा वा न लावा, तो द्यायचाच. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. पस्तीस युनिट वापरणाऱ्या घराचं बिल इंधन समायोजन आकार सोडूनही पावणेचारशेच्या पुढे जातं. युनिटाला अकरा रुपये. नव्वद युनिट वापरणाऱ्याला हाच हिशेब युनिटामागे साडेआठ रुपये पडतो. जो जितकी कमी वीज जाळतो त्याला ती तितकी महाग. शंभराच्या आतला दर कमी ठेवून गरिबाला सांभाळलं, असं भाषणात सांगितलं जातं; स्थिर आकार ते सांभाळणं परत काढून घेतो.

ते १६ टक्के वीज शुल्क कंपनीचं नाही, राज्य सरकारचं आहे. आपल्या तिजोरीत येतं. वस्तीतल्या त्या पस्तीस युनिटवाल्या बाईकडून सरकार महिन्याला पन्नासएक रुपये घेतं आणि तिला मदत कशी करावी याच्या योजना आखतं. घ्यायचं थांबवणं ही मदतीची सगळ्यात सोपी पद्धत आहे. या पद्धतीला अर्ज नको, पोर्टल नको, शिबिर नको, फलकावर कोणाचा फोटोही नको. कदाचित म्हणूनच ती कोणाला सुचत नसावी.

बिलाच्या मागच्या बाजूचे काही तपशील लहान आहेत पण चावणारे आहेत. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते. मुदतीनंतर भरलं तर सव्वा टक्का विलंब आकार. ज्याच्या खात्यात पैसे पडून आहेत तो पहिल्या दिवशी भरतो आणि सूट खातो. ज्याची मजुरी शनिवारी हातात येते तो दंड भरतो. मग वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, कारण ठेव आता दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेवायची आहे. लोक ते घेऊन येतात आणि विचारतात, 'दादा, हे कशाचं? आम्ही तर भरलं होतं.' हप्ते पाडून मिळतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता गरिबांच्या मोजणीकडे येतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना २०२४ साली आली. वर्षाला तीन सिलिंडर मोफत. त्या वेळी शासनानं केंद्राच्या उज्ज्वला गॅस योजनेचे राज्यातले लाभार्थी सांगितले ५२ लाखांहून अधिक. ही गरीब कुटुंबं आहेत हे केंद्रानं तपासलं, राज्यानं मान्य केलं. रेशनच्या बाजूनं पाहिलं तर एकट्या अंत्योदय कार्डांची संख्या राज्यात पंचवीस लाखांच्या घरात आहे. मग २०२५मध्ये छतावरच्या सौरऊर्जेसाठी 'स्मार्ट' योजना जाहीर झाली, पाच लाख घरांसाठी, ६५५ कोटींची तरतूद. त्यात दारिद्र्यरेषेखालचे वीज ग्राहक धरले गेले १ लाख ५४ हजार. गॅसच्या वहीत बावन्न लाख, रेशनच्या वहीत पंचवीस लाख, विजेच्या योजनेत दीड लाख. राज्य एकच, माणसं तीच. गरिबी इतकी झपाट्यानं हटली असती तर आपल्या सरकारनं त्याची जाहिरात केली नसती का? ती हटली नाही, तीस युनिटांच्या फटीतून खाली पडली.

आणि 'स्मार्ट' योजना मुळात चांगली आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो. एक किलोवॅटचा संच, महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज. साधारण पन्नास हजारांच्या खर्चात केंद्राचे तीस हजार, आणि ग्राहक दारिद्र्यरेषेखालचा असेल तर राज्याचे साडेसतरा हजार. घरच्याला भरायचे फक्त अडीच हजार. पण तोच माणूस ३६०च्या रेघेपलीकडे गेलेला असेल तर राज्याची मदत दहा हजारांवर येते, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पंधरा हजारांवर. म्हणजे एका उन्हाळ्याच्या कुलरनं त्याचा दर वाढवला आणि त्याच कुलरनं त्याचं सौर संचाचं अनुदानही कापलं. शिवाय संच बसवायला स्वतःचं, भार पेलणारं छत हवं. कोळसा खाणींच्या कडेनं वसलेल्या, पट्टा नसलेल्या घरांचं काय? भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या खोल्यांचं काय, जिथे एका खोलीत पाळीपाळीनं माणसं झोपतात? धारावीत पोटमाळ्यावर राहणाऱ्या भाडेकरूनं पॅनल कुठे टेकवायचं?

भाडेकरू ही तर अशी जात आहे की ती कुठल्याच यादीत नाही. मीटर घरमालकाच्या नावावर, बिल घरमालकाला, आणि भाडेकरूच्या दारावर घरमालकानं लावलेला सबमीटर. त्याचा दर घरमालक ठरवेल तो. चार खोल्यांची वीज एकाच मीटरवर चढली की आकडा शंभराच्या पलीकडे जातो आणि वरच्या टप्प्याचा दर चारही गरीब घरं मिळून भरतात. २०२४-२५मध्ये शंभराच्या पुढचा नुसता वीज आकार दहा रुपयांच्या वर होता, म्हणजे खालच्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त. जुलै २०२५पासून शंभर युनिटांच्या आतल्यांना दहा टक्के दरकपात जाहीर झाली आणि राज्यातले सत्तर टक्के ग्राहक त्यात येतात असं आपणच सांगितलंत. सबमीटरमागच्या माणसाला त्या सत्तर टक्क्यांतही जागा नाही. कर्नाटकानं २०२३मध्ये गृहज्योती आणली तेव्हा भाडेकरूंना त्यात घेतलं. आपल्याला ते अवघड का जावं?

इतर राज्यं काय करतात याचा दाखला देताना मी जपून देतो. दिल्लीत २०१९पासून दोनशे युनिटांपर्यंत शून्य बिल आहे, पंजाबात २०२२पासून महिन्याला तीनशे, बिहारनं २०२५मध्ये सव्वाशे युनिट मोफत केले. मला ही सरसकट पद्धत पटत नाही. पुण्यात वर्षातले दहा महिने बंद असलेला दुसरा फ्लॅटसुद्धा दोनशेच्या आतच असतो. त्याचं बिल सरकारनं भरण्यात अर्थ नाही. आणि मोफतची रेघ जिथे संपते तिथे लोक मीटरकडे बघत जगतात, किंवा एका घरात दोन मीटर मागतात. महाराष्ट्रात तर मोफतचे शब्द हवेत विरल्याचाच अनुभव आहे. २०२०च्या सुरुवातीला शंभर युनिट मोफत देण्याची भाषा झाली. मग टाळेबंदी आली, जूनमध्ये तीन महिन्यांची एकत्र बिलं हातात पडली, दिलाशाची घोषणा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'शक्य नाही' हेही सांगून झालं. ते सरकार आपलं नव्हतं, हे मान्य. पण २०२४च्या निवडणुकीत वीजबिलात तीस टक्के कपातीचं आश्वासन महायुतीच्या दशसूत्रीत होतं. ते आपलं आहे.

मग काय करावं? रेशन कार्ड आणि वीज ग्राहक क्रमांक एकमेकांना जोडा. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांची यादी शासनाकडे तयार आहे, आधारशी जोडलेली आहे. गरीब कोण हे मीटरला विचारू नका, ते मीटरचं काम नाही. या घरांना पहिले पन्नास युनिट सवलतीच्या दरानं द्या, आणि एप्रिल ते जून या महिन्यांत विदर्भ, मराठवाडा, खानदेशच्या उन्हाळी जिल्ह्यांत ती मर्यादा शंभरवर न्या. पन्नासाच्या वर वापर गेला तर वरच्या युनिटांना नेहमीचा दर लावा, पण पहिल्या पन्नासांची सवलत काढू नका. एका युनिटासाठी सगळं गमावण्याची भीती गेली की लोक खोटेपणाही करणार नाहीत. या घरांचा स्थिर आकार आणि वीज शुल्क माफ करा. पाव किलोवॅटची अट रद्द करा. 'परत येता येणार नाही' ही ओळ तर आधी काढा, तिला एक पैसाही लागत नाही. आणि वीज कायद्याच्या कलम ५६खाली पंधरा दिवसांची नोटीस देऊन जोडणी तोडण्याचा जो अधिकार आहे, तो मे महिन्यात या घरांवर चालवू नये, असा आदेश काढा. थकबाकी पावसाळ्यात हप्त्यानं घ्या.

दर ठरवणं आयोगाचं काम, असं उत्तर आपले अधिकारी लिहून देतील. खरं आहे. पण वीज कायदा २००३च्या कलम ६५नं राज्य सरकारला कोणत्याही वर्गाला अनुदान देण्याची मुभा आहे, फक्त ते पैसे कंपनीला आगाऊ द्यावे लागतात. आणि कलम १०८नं सरकार आयोगाला धोरणात्मक निर्देश देऊ शकतं. शेतीपंपांसाठी आपण हाच रस्ता वापरलात. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या चव्वेचाळीस लाख पंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत झाली. शेतकऱ्याला ती मिळाली याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या शेतावर रोजानं निंदणाला जाणाऱ्या बाईकडे पंप नाही, सातबारा नाही, फक्त एक दिवा आणि एक पंखा आहे. तिच्या बिलावर १६ टक्के शुल्क लागतं. पैसा नाही म्हणून ती राहून गेली, हे मी मानणार नाही. सातबाऱ्याशिवाय ती आपल्या योजनांना दिसत नाही.

जाता जाता चुलीविषयी, कारण घरातली ऊर्जा म्हणजे नुसती लाइट नव्हे. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर केंद्र तीनशे रुपये देतं, राज्य वर्षाला तीन सिलिंडर देतं. तरी ताडोबाच्या भोवतालच्या गावांत बायका सरपणाला जंगलात जातात, आणि वाघानं माणूस मारल्याची बातमी आमच्या जिल्ह्यात बातमीसारखी वाटेनाशी झाली आहे. पाच माणसांच्या घराला सिलिंडर दीड महिना पुरतो. तीन मोफत सिलिंडर म्हणजे साडेचार महिने. उरलेल्या महिन्यांत रिकामा सिलिंडर आडवा करून त्यावर कपडे ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. जंगलालगतच्या गावांसाठी तरी ही संख्या सहावर नेणं हा वन्यजीव खात्याचाही प्रश्न आहे. आणि गॅसची जोडणी सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून मोफत सिलिंडरसाठीचा सुनेचा अर्ज फेटाळला जाऊ नये, इतकं पाहावं.

आयोगापुढे दराची पुढची याचिका जाईल तेव्हा जाहीर सुनावणी होईल. तिथे उद्योजकांचे वकील येतील, ग्राहक संघटनांचे अभ्यासक येतील. तीस युनिटवाला येणार नाही. त्या दिवसाची मजुरी बुडवून नागपूरला किंवा मुंबईला जाणं त्याला परवडत नाही आणि हरकतीचा मसुदा कसा लिहायचा हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या वतीनं तिथे बोलण्याचा अधिकार आणि बळ दोन्ही ज्यांच्याकडे आहेत असे आपण एकटे आहात. उन्हाळा लागण्याआधी आयोगाला निर्देश द्या: ३६० युनिटांची आणि पाव किलोवॅटची अट काढा, बाहेर फेकलेल्यांना परत घ्या, आणि त्याचं अनुदान अर्थसंकल्पात आगाऊ दाखवा. तेवढं झालं तर मोफत विजेची घोषणा आपण केली नाहीत तरी चालेल.

आपला,
चंद्रपूरचा एक वीज ग्राहक